दोन पंख्यांचं कार्ड

"मावशी, हे ग्राफिक्स कार्ड आहे, पापलेट नाही. उलटंपालटं करून काय बघताय?"

अल्पेशने कार्ड कमळीच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतलं. दुकानातली गिऱ्हाइकं हसली. विरारला स्टेशनबाहेर त्याचं कॉम्प्युटरचं दुकान होतं आणि शनिवारी संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसे. नेमकी तेव्हाच ही बाई यायची. आजचा सलग आठवा शनिवार.

साठीची, खाडीकाठच्या गावातली, भातशेती करणारी. नातीला गेम खेळायचा कॉम्प्युटर जोडून द्यायचाय, एवढंच तिचं म्हणणं. नात स्पर्धांत खेळते म्हणे. उत्तम. पण घ्यायचा कधी, इथेच घोडं पेंड खात होतं.

पहिल्या शनिवारी अल्पेशने तिला चहा पाजून सगळं समजावलं होतं. प्रोसेसर कुठला, रॅम किती, डबा मोठा का हवा. दिवाळीपर्यंत थांबलात तर बरं, असंही म्हणाला. चौथ्या शनिवारी उलट सांगितलं, की रॅम रोज महाग होतेय, आता थांबू नका. दोन्ही वेळा तिने सारखीच मान डोलावली. मग एकेक कार्ड खोक्यातून काढायला लावलं, पाठ निरखली आणि परत दिलं.

"ह्ये नाय. चिठ्ठीतलं पायजे."

चिठ्ठीवर कोणीतरी सुवाच्य अक्षरात एका कार्डाचं नाव लिहून दिलं होतं. दोन पंख्यांचं, काळ्या पाठीचं.

"ते बंद झालं! किती वेळा सांगू? कंपनी बनवतच नाही आता. त्याच्यापेक्षा भारी आलंय, ते घ्या ना."

"नको. तुमच्याकडे येल तवाच घेईन. मला घाई नाय."

अल्पेशच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घ्यायचं नाही, जायचं नाही, वर भर गर्दीत खोकी उघडायला लावायची. पोरं इंटरनेटवर चार व्हिडिओ बघून डोकं खातात, ते एक वेळ परवडलं. ही तर काही न बघताच खात होती.

"मावशी, शेतात पण असंच करता का? पाऊस पडून गेला तरी बसून राहता, आवडीचं बियाणं मिळालं नाही म्हणून?"

"बियानं आमी घरचंच लावतो," कमळी म्हणाली.

पुन्हा सगळे हसले. या वेळी बहुतेक अल्पेशला. तो ताडकन उठला.

"बसा. आत बघून येतो. असेल तर आज न्यायचं. परत थांबते-बिंबते ऐकणार नाही."

"असंल तर आजच," ती म्हणाली आणि स्टुलावर बसली.

प्लायवूडच्या पार्टिशनमागे त्याने खालचा ड्रॉवर खेचला. तिथे चार-पाच कार्डं कायम पडलेली असत. लोक दुरुस्तीला टाकत. त्याने 'जळलंय, आता टाकून द्या' म्हटलं की बहुतेक जण तिथेच सोडून जात. पंखा बदलला की कार्ड चालू. चिठ्ठीतलं मॉडेल त्यात होतं, पंखा आधीच बदललेलं. असल्या हट्टी माणसांना हेच पाहिजे, तो दात-ओठ खात पुटपुटला. आठ शनिवार फुकट घालवलेत माझे.

त्याने ब्रशने धूळ काढली. पाठीचा पत्रा एका कोपऱ्यात खरचटल्यासारखा दिसत होता, तिथे दुकानाचं वॉरंटीचं स्टिकर दाबून चिकटवलं. रिकामा खोका शोधला, वर प्लास्टिक चढवलं. दहा मिनिटांत काम झालं.

"नशीब तुमचं. एकच राहिलं होतं. एकदम कोरं."

कमळीने प्लास्टिक फाडलं, कार्ड बाहेर काढलं आणि सवयीप्रमाणे उलटं केलं. स्टिकरवर तिचं बोट जरा वेळ थांबलं.

"जोडा," ती म्हणाली.

"सगळा कॉम्प्युटर?"

"सगळा. माझ्यासमोर."

अल्पेशने भराभर प्रोसेसर बसवला, बोर्ड डब्यात कसला, वायरी ओढल्या. प्रत्येक स्क्रू त्याने राग काढल्यासारखा पिळला. शेवटी कार्ड खाचेत बसवलं आणि बटण दाबलं. दोन्ही पंखे फिरले, दिवे लागले, पडद्यावर चित्र आलं.

"झालं समाधान?"

"बिल करा. पक्कं, सही-शिक्क्याचं. कार्ड कोरं हाय, असं पन लिवा त्यात."

"कुणाचा कुणावर विश्वासच राहिला नाही," तो कुरकुरला, पण लिहिलं. "नाव काय टाकू?"

"कमळी."

आठ शनिवारांत आपण हिला नावही विचारलं नाही, हे त्याच्या लक्षात आलं. त्याचं त्याला काही वाटलं नाही. त्याने शिक्का मारला.

तिने बिल वाचलं, घडी करून कमरेच्या पिशवीत सरकवलं आणि उभी राहिली.

"आता त्ये कार्ड परत काढ."

"काय?"

"काढ म्हनते ना!"

या बाईचा आवाज इतका चढू शकतो, हे दुकानात कुणाला ठाऊक नव्हतं. गिऱ्हाइकं वळून बघू लागली. अल्पेशने कॉम्प्युटर बंद केला, कार्ड उपसलं आणि तिच्यापुढे आदळलं.

"घ्या! बघा एकदाची पाठ!"

कमळीने अंगठ्याच्या नखाने स्टिकर खरवडलं. पूर्ण निघेपर्यंत खरवडलं. मग कार्ड गिऱ्हाइकांकडे वळवून उंच धरलं. पुढे उभ्या असलेल्या बाईने मान वाकडी करून कोपऱ्यातली अक्षरं मोठ्याने वाचली. भांड्यांवर नाव घालून घेतात तशी, ठिपक्याठिपक्यांची होती ती.

"चि. निधीस, बारावी पास झाल्याबद्दल, आजी कमळीकडून."