भरलेली बाटली

चौकट एक.
केडगावातलं स्वयंपाकघर, संध्याकाळचे साडेपाच. अश्विनीच्या मोबाईलवर गुणपत्रिका उघडी. कथन: पंचवीसपैकी चोवीस. चित्र: पंचवीसपैकी एकवीस. खाली 'पाठवा' असं बटण. वाचनालयाच्या वेबकॉमिक स्पर्धेचे गुण सहाच्या आत द्यायचेत. पहिलं येणारं कॉमिक छापून जिल्ह्यातल्या शाळांना वाटणार आहेत. अश्विनी चित्रकलेची शिक्षिका, दोन परीक्षकांपैकी एक. तिचं बोट बटणावर येऊन थांबलंय.

चौकट दोन.
ते कॉमिक. 'डबल बेल', भाग सातवा. नगर-श्रीरामपूर बसमधली कंडक्टर बाई. सहा चित्रं, शब्द एकही नाही. सकाळी निघताना बाई पाण्याची बाटली भरून घेते. राहुरीला बाटली भरलेली. श्रीरामपूरला भरलेली. परत नगरला, भरलेली. घरी येते आणि चपलासुद्धा न काढता, उभ्यानं, सगळी रिकामी करते. वाटेत पाणी प्यायलं तर मग लघवीला जायचं कुठे, हे काढणाऱ्यानं लिहिलेलं नाही. लिहायची गरजच ठेवली नाही.

चौकट तीन.
काढणारा हर्षल. त्याची मागच्या महिन्यातली पोस्ट: 'बायकांना कंडक्टर करून पुरुषांच्या नोकऱ्या घालवल्या. ड्युटी झेपत नाही, नखरे तेवढे झेपतात. घरी बसवा.'
खाली चारशे अंगठे.

चौकट चार. फोन. फक्त आवाज.
"मॅडम, मी माझे गुण दुपारीच पाठवले. तुम्ही कुठे अडलात?" सुहास सर, दुसरे परीक्षक.
"त्याची पोस्ट वाचली का सर?"
"वाचली. मूर्ख आहे. पण आपल्याला कॉमिक तपासायला दिलंय, माणूस नाही."
"मुलं कॉमिक वाचतील, आवडेल, मग त्याला शोधतील. कथनाला चोवीस लिहिलेत, पण पाठववत नाहीत."
"म्हणून चोविसाचे चौदा करणार? दहा कशाबद्दल कापले, विचारलं तर काय सांगाल?"
दुपारभर अश्विनीनं ती पोस्ट त्या सहा चित्रांत शोधली होती. बाईच्या खांद्यात, तोंडाच्या रेषेत, कुठेतरी. सापडली नव्हती.

चौकट पाच.
दार वाजलं. चांगुणाबाई, अश्विनीची आई. खाकी साडी, खांद्याला बॅग. वीस वर्षं त्याच रस्त्यावर कंडक्टर.
"आला का गं माझा नवा भाग?" तिनं दारातूनच विचारलं. "अजून न्हाई? दे त्याला पहिला नंबर. बाई तेवढी बारीक काढलीय, बाकी समदं खरं हाय. आपल्याच गाडीत बसून लई मायेनं काढतंय पोरगं."
"आई, त्यानं अजून एक लिहिलंय."
अश्विनीनं पोस्ट वाचून दाखवली.
"पुन्यांदा वाच."
तिनं पुन्हा वाचली.
"नखरे," चांगुणाबाई म्हणाली, तिकिटाचं गाव विचारून घ्यावं तशी. मग मोबाईल हातात घेऊन तिनं सातवा भाग काढला आणि श्रीरामपूरचं चित्र दोन बोटांनी मोठं केलं. बाटली पडदाभर झाली.
"तोंडापातुर भरल्याली काढलीय," ती म्हणाली. "म्हंजी बगितलं हुतं त्यानं."

चौकट सहा.
सहाला पाच कमी. गुणपत्रिकेत खाली 'अभिप्राय' नावाचा एक चौकोन होता. तो भरला नाही तरी चालत असे. अश्विनीनं चोविसाला हात लावला नाही. चौकोनात आईचं शेवटचं वाक्य लिहिलं, आईच्याच बोलीत, आणि बटण दाबलं.

शेवटची चौकट. शब्द नाहीत.
चांगुणाबाईनं बॅगेतून आपली बाटली काढली. भरलेली. पायात चपला तशाच. झाकण उघडून ती ओठांपर्यंत नेली आणि अश्विनी बघतेय हे तिच्या लक्षात आलं.
ती वळली, भिंतीकडे तोंड केलं, आणि मग प्यायली.