चिमूटभर मीठ

फुंकणीचा पहिला तडाखा पाठीत बसला तरी अंजनाच्या हातातला चमचा हिंदकळला नाही. मांडीवरच्या मनूच्या ओठांत तिनं पाणी सोडलं आणि पुन्हा तांब्यात चमचा बुडवला.

“ठेव तो तांब्या!” सासू, कोंडाबाई, किंचाळली. “पोरगी मारायला बसलीस व्हय गं, भवाने?”

मनू दोन वर्षांची. काल सकाळपासून पोरीला नुसतं पाण्यासारखं होत होतं, वर उलट्या. डोळे खोल गेले होते. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तरी तशीच उभी राहत होती. आणि असल्या पोरीला ही सून पाणी पाजत होती! एवढं वाहून जातंय ते कमी पडलं म्हणून! हगवण लागलेल्या पोराचं पाणी तोडायचं आणि पोटावर डाग द्यायचा, हे निपाणीच्या त्या अख्ख्या गल्लीला ठाऊक. हिला तेवढं ठाऊक नाही. ऐंशी सालच्या त्या उन्हाळ्यात गल्लीतली दोन पोरं आधीच गेली होती.

“नर्सबाईंनी सांगितलंय, आत्याबाई,” अंजना मान वर न करता म्हणाली. “तांब्याभर उकळून गार केलेलं पाणी, मूठभर साखर, तीन बोटांची चिमूट मीठ. नुसतं पाणी पोटात ठरत न्हाय. मीठ-साखर संगं असली की आतडं ते वढून घेतंय आन् रक्तात सोडतंय.”

“मीठ!” कोंडाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. “लोनच्याच्या कैरीला मीठ लावल्यावर काय हुतंय, बघितलंस न्हवं? घटकाभरात सगळं पाणी भाईर! आन् तू पोरीच्या पोटात मीठ घालतीस?”

“कैरीला मुठीनं लावतोय. हे चिमूटभर हाय. आन् पान वाळून कडाकडा मोडाय लागलं की आपुन काय करतोय? पाणी मारल्याबिगर विडी वळतीया व्हय?”

विड्या वळता वळताच कोंडाबाईचे केस पिकले होते. तिनं फुंकणी पुन्हा हाणली, ती सुनेच्या कानावर. कानाची पाळी फाटली. रक्त गळ्यावर उतरलं, पण अंजनानं ते पुसलंसुद्धा नाही.

तेवढ्यात मनू ओकली. होतं नव्हतं ते सगळं बाहेर आलं.

“बघ! बघ, म्हनलं नव्हतं?”

अंजना जरा वेळ थांबली आणि तिनं पुन्हा चमचा लावला. आता अर्धाच.

एवढ्यात भावकू आत आला. पोरांना डाग देणारा माणूस तो. कोंडाबाईनंच त्याला निरोप धाडला होता. आल्या आल्या त्यानं विळ्याचं टोक चुलीत खुपसलं आणि ते लाल होईस्तोवर उकिडवा बसून राहिला.

“पाय धर गं आक्का,” तो उठत म्हणाला. “हलू दिऊ नगंस.”

कोंडाबाईनं नातीचे पाय धरले. गार लागले. भावकूनं फ्रॉक वर सारला. विळ्याची धग बेंबीपाशी आली, आणि अंजनानं शेजारच्या सुपातली विडीची कात्री उचलून त्याच्या मनगटात खुपसली.

भावकू गुरासारखा ओरडला. विळा सुटून कोंडाबाईच्या हातावर पडला. चर्र झालं, कातडं जळल्याचा वास घरभर सुटला. भावकू रक्ताळलेलं मनगट छातीशी धरून, आईमाईवरनं शिव्या देत बाहेर पळाला.

“आता तुमीबी या म्होरं,” अंजना कात्री रोखून म्हणाली. “डोळा काढीन. सासू म्हनून बघनार न्हाय.”

कोंडाबाई दारात जाऊन बसली. हात नुसता पेटला होता. आता ही पोर मरणार, आणि ती मेली की या बयेचा गळा दाबायचा, एवढंच तिच्या डोक्यात होतं. ती वाट बघत राहिली. एक चमचा. जरा थांबायचं. पुन्हा एक चमचा. पहिला तांब्या संपला, अंजनानं दुसरा कालवला, तोही एका हातानं. दुसऱ्या हातातली कात्री तिनं सोडली नाही. दारातलं ऊन भिंतीवर चढलं.

मग अंजनाच्या लुगड्यातून एक ओघळ निघून जमिनीवर उतरला. कोंडाबाई रांगत पुढं आली, बोट लावून तिनं हुंगलं. मूत होतं. कालपासून पोरीला थेंबभर झालं नव्हतं.

मनूनं डोळे उघडले. चमचा दातांत धरला, सोडेचना.

“पानी,” ती म्हणाली. “आनी पानी.”

“मागतीया! आत्याबाई, मागतीया बघा!” अंजनाला हसू आणि रडू एकदमच फुटलं.

कोंडाबाई हसली नाही. तिचा चेहरा असा काही झाला, की अंजनानं कात्री पुन्हा घट्ट धरली.

“शामू,” कोंडाबाई म्हणाली. “माझा थोरला. तुझ्या नवऱ्याच्या वरचा. त्यालाबी हेच झालतं. मरायच्या आदी दोन दिस ‘आये, पानी, आये, पानी’ करत हुता. म्या घागर शेजारनीकडं निऊन ठिवली. तरीबी गप बसंना, तवा त्याच्या तोंडावर हात दाबून धरला. ह्योच हात.”

अंजनाचा चमचा हवेतच राहिला.

“थांबलीस का गं?” कोंडाबाई ओरडली. “मागतीया न्हवं ती? दे!”