खिळ्यावरचा पाना

पडद्यावर कारखान्याचं दार उघडलं आणि फिटर खुर्चीत खाली सरकला. हाच तो सीन.

थिएटर ओस पडलं होतं. सिनेमा आज उतरणार होता. लागला कधी, हेच कुणाला कळलं नव्हतं. फिटरच्या एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला मेहुणा. मेहुण्याचा गाळा रिकामा होता. तिथे फिटरला दुरुस्तीचं काम सुरू करायचं होतं, पण मेहुण्याचं आपलं 'बघू, बघू'. नोकरी गेलेल्या माणसाचं मन पुन्हा कामात लागत नाही, असं त्याचं म्हणणं.

"भाऊजी, मला झोप लागली तर तुम्ही दिसल्यावर उठवा हं," मेहुणा कुजबुजला.

आपण दिसणारच नाही, हे फिटर सांगणार कोणत्या तोंडाने? बंद पडलेल्या कारखान्याच्या सीनला सिनेमावाल्यांनी खरे कामगार घेतले होते. 'नोकरी गेलीय, चिडा, पाने फेका आणि बाहेर पडा,' एवढंच काम. सगळ्यांनी फेकले. याने मात्र सवयीने पाना पुसला, खिळ्याला अडकवला आणि मग निघाला. दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. एवढी माती खाल्ल्यावर आपल्याला सिनेमात ठेवतंय कोण? आणि गल्लीभर तर सांगून झालेलं!

पडद्यावर पाने खणाखणा आपटले. माणसं निघून गेली. कोपऱ्यात एकटा फिटर उरला.

त्याने पाना फडक्याने पुसला. उजेडात धरून पाहिला, पुन्हा पुसला. खिळ्याला अडकवला आणि तो हलायचा थांबेपर्यंत त्यावर बोट ठेवलं. मग ताठ मानेने चालता झाला. कॅमेरा त्याच्या मागे गेलाच नाही. पान्याकडेच बघत राहिला.

पुढच्या रांगेतून कुणीतरी "वा!" म्हणालं.

"आमचे हे!" बायकोने अख्ख्या थिएटरला सांगून टाकलं. मग पदराने डोळे पुसत पुटपुटली, "घरी टॉवेल जागेवर ठेवतील तर शपथ!"

फिटरला हसू आवरेना. छाती अशी भरून आली होती की खुर्ची अपुरी पडावी.

सिनेमा संपला, दिवे लागले, तरी मेहुणा जागेवरून उठला नाही. मग त्याने खिशातून किल्ली काढून फिटरच्या हातावर ठेवली.

"भाऊजी, गाळ्याच्या भिंती नुकत्याच रंगवून घेतल्यात," तो म्हणाला. "खिळे कुठे ठोकायचे, ते तुम्ही सांगा."