पायरीवरची मुलगी

दुपारची भांडी आवरून दमयंती रोजच्यासारखी स्पेनला गेली, आणि बघते तर काय, पायरीवरची मुलगी गायब!

स्पेनला म्हणजे सौदीतल्या रास तनुराच्या आपल्याच हॉलमध्ये, कॉम्प्युटरपुढे. नकाशात सालामांका नावाचं जुनं गाव काढायचं, रस्त्यावर उतरायचं आणि बाण दाबत दाबत चालत सुटायचं. बाहेर रिफायनरीवर ऊन नुसतं रणरणत असायचं, एसी घरघरत असायचा, आणि ही बाई भाजलेल्या बेसनाच्या रंगाच्या भिंतींच्या कडेनं सावलीसावलीनं चाललेली असायची. त्या गावात कायम सकाळच. उडालेलं कबुतर हवेतच थांबलेलं. कुणाला कसली घाई नाही. चालता चालता डोळा लागला तरी जाग यायची ती तिथेच, त्याच गल्लीत.

गल्लीच्या टोकाला ते शेकडो वर्षांचं कॉलेज. दारावर दगडात एवढी नक्षी की बघून मान दुखावी. आणि बंद दाराच्या पायरीवर ती मुलगी. पाठीला सॅक, मांडीवर डबा, डाव्या बुटाची लेस सुटलेली. चेहरा पुसट. नकाशावाले सगळ्यांचेच चेहरे पुसतात म्हणे. दमयंतीला त्या पुसट चेहऱ्याच्या जागी रोज एकच चेहरा दिसायचा, आपल्या लेकीचा.

"अगं बांध ती लेस, तोंडावर आपटशील!" ती रोज ओरडायची.

तिच्या रेवाला ह्याच कॉलेजात प्रवेश मिळाला होता. रेवाच्या बाबांनी, जयदीपनं, केव्हाच मान डोलावली होती. "आईनं हो म्हटलं की खलास, काम झालं!" आणि आईच्या तोंडून हो काही फुटत नव्हतं. लांबच्या गावात एकटी पोर, ताप आला तर पाणी कोण देणार? आज-उद्या करत कॉलेजला कळवायचा शेवटचा दिवस उजाडला होता. आजचाच.

आणि नेमकी आजच ती मुलगी नाही! गावही निराळं दिसत होतं. ढगाळ, ओलसर. कबुतरसुद्धा उडून गेलेलं. दमयंती शेजारच्या गल्लीत शिरली. हिरव्या फुलीचं औषधाचं दुकान पाहिलं, झाडाखालचा बाक पाहिला, पार नदीवरच्या पुलापर्यंत जाऊन आली. दुपार कलून अस्रची अजान झाली तरी तिचं शोधणं चालूच.

कंपनीच्या बसमधून उतरून जयदीप घरात आला, तर बायको रडवेली.

"अहो, ती कुठे दिसत नाही!"

"कोण?"

"पायरीवरची."

जयदीपला आधी हसू आलं, पण तिचा चेहरा बघून त्यानं ते गिळलं. "अगं, त्यांची फोटोची गाडी परत फिरली असेल. नवे फोटो टाकलेत."

"तुम्हाला काय जातंय बोलायला! लेस सुटलेली होती तिची."

आवाज ऐकून रेवा खोलीतून बाहेर आली. हातात लॅपटॉप तसाच उघडा. "आई, इट्स जस्ट अ फोटो," ती म्हणाली. मग जरा थांबून, हळूच, "नाही म्हणून कळवू का मी त्यांना? इट्स ओके. खरंच."

ओके कसलं! पोरीच्या डोळ्यांत पाणी उभं होतं.

दमयंती पुन्हा स्क्रीनकडे वळली. बाण दाबत पूल, बाक, दुकान मागे टाकत ती पुन्हा कॉलेजपाशी आली. पायरी ओली होती, रिकामी होती. आणि मघाशी घाईत तिनं पाहिलंच नव्हतं, पण दार आज उघडं होतं. आत थोडा अंधार, त्यापलीकडे अंगणाचा उजेड.

तिनं बाण दाबला. चित्र हललं नाही. पुन्हा दाबला. तिला तिथून पुढे जाताच येईना. ती उंबऱ्याशीच.

"आत गेली असेल," दमयंती शेवटी म्हणाली.

"हो, तास असेल तिचा," जयदीप म्हणाला.

मग दमयंतीनं पदरानं डोळे पुसले.

"रेवा."

"हं?"

"लेस नीट बांधत जा गं तिथे."

रेवानं आधी आपल्या अनवाणी पायांकडे पाहिलं, मग आईकडे.