रंग वाळेपर्यंत

"चित्रकारबुवा, तुमच्या त्या चित्रापायी माझं लग्न अडलंय!"

झेलीने दुधाची पितळी कळशी गवतात आदळली. नदीकाठी स्टुलावर बसून गाई रंगवणाऱ्या देलोर्ज यांचा कुंचला थबकला. ते दर उन्हाळ्यात पॅरिसहून या गावी येत आणि थंडी पडेपर्यंत राहत. गावाला त्यांची आणि त्यांना गावाच्या टोमण्यांची सवय झाली होती.

"माझ्या चित्रापायी?"

"नाहीतर काय? तुम्ही चित्रात काढलेले ते उंच पॉपलर माझे आहेत. मी जन्मले त्या आठवड्यात बाबांनी लावलेत. माझ्या लग्नात पाडायचे, विकायचे आणि त्यातून माझं कपाट, चादरी, सगळं करायचं. लाकूडवाला खुणा करून गेला. माझा ओनेसीम लग्नाची वाट बघून बघून वाळला. तुमचं चित्र तेवढं वाळत नाही!"

"हे कोणी सांगितलं तुला?"

"बाबांनी. रंग ओला असेपर्यंत तुम्हाला झाडं समोर लागतात, म्हणे. शब्द दिलाय त्यांनी तुम्हाला. चित्र ठेवलंय त्या कोठारातसुद्धा जाऊ देत नाहीत मला, धूळ बसेल म्हणून. गवताच्या कोठारात म्हणे धुळीची काळजी!"

देलोर्ज यांनी कुंचला फडक्याला पुसला.

"त्या चित्रावर मी जूनमध्येच सही केली, मुली," ते म्हणाले. "पॅरिसला न्यायला मागितलं, तर तुझे बाबा मला कोठारात घेऊन गेले. चित्रावर अंगठा टेकवला आणि म्हणाले, 'ओलं आहे अजून.' परवा पुन्हा मागितलं, पुन्हा तेच. मी म्हटलं, गवताच्या गंजी रचण्यात ज्याचा जन्म गेला, त्याच्याशी ओल्या-सुक्यावरून कोण वाद घालणार?"

झेलीने कळशी उचलली आणि ती घराकडे चालू लागली.

गवत वाळले की नाही हे सांगण्यात तिच्या वडिलांचा, थेओदुल वारँ यांचा, हात सगळ्या पंचक्रोशीत कोणी धरत नसे. ते मूठभर गवत उचलीत, कानाशी नेऊन चुरगाळीत आणि 'रचा' किंवा 'थांबा' एवढेच म्हणत. त्यांचा अंदाज कधी चुकल्याचे कोणाला आठवत नव्हते.

कोठाराचे दार नुसते लोटलेले होते. आत, वरच्या झरोक्यातून येणाऱ्या उन्हात, चित्र भिंतीला टेकून उभे होते. जवळून पाहिल्यावर तिला नुसते ठिपके दिसले: जांभळे, पिवळे, मधूनच एखादा गुलाबी. ती दोन पावले मागे सरली, आणि तिची झाडे वाऱ्यावर हलू लागली. बुंध्यांवर लाकूडवाल्याच्या खुणा नव्हत्या. खाली नदीत तीच झाडे उलटी थरथरत होती.

चित्रासमोर एक तिपाई होती. गाई पिळायची तिपाई, जी ती जूनपासून शोधत होती. शेजारी जमिनीवर पाइपची राख साचली होती. आभाळाच्या एका कोपऱ्यात निळा रंग मळून करडा झाला होता. झेलीने तिथे आपला अंगठा ठेवला. रंग दगडासारखा कडक होता. तो डाग मात्र तिच्या अंगठ्यापेक्षा बराच रुंद होता.

आई गेल्यापासून घरात सूपचे दोनच वाडगे निघत. आपण गेल्यावर फळीवरून किती वाडगे खाली येतील, हा विचार तिच्या मनात आजवर आला नव्हता.

बाहेर लाकडी जोड्यांचा खडखडाट झाला. ओनेसीमचा आवाज तिला आधी ऐकू आला.

"मामा, रागावू नका, पण ते चित्र चुलीवर धरू का मी? लाकूडवाला म्हणतो, उद्या होय म्हणा, नाहीतर तो पलीकडच्या गावातली झाडं घेणार."

"चुलीवर तुझी टोपी धर," थेओदुल गुरगुरले, आणि दारातच थांबले. आत झेली उभी होती. त्यांनी तिच्याकडे पाहिले, तिपाईकडे पाहिले, आणि डोक्यावरची टोपी काढून उगीचच हातात फिरवली.

मग ते सावकाश पुढे आले. त्यांनी आभाळाच्या त्या कोपऱ्यावर अंगठा टेकवला आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ तसाच ठेवला.

"वाळलं," ते म्हणाले. मग टोपी डोक्यावर चढवून त्यांनी पुन्हा म्हटले, "वाळलं, पोरी. उद्या बोलाव त्या लाकूडवाल्याला."

ओनेसीमचा चेहरा उजळला. झेली पुढे झाली. वडिलांचा हात तिने हळूच बाजूला केला आणि त्याच जागी आपला अंगठा ठेवला. मग तो डोळ्यांसमोर धरून नीट न्याहाळला. अंगठा स्वच्छ होता. ते ओनेसीमलाही दिसले, पण त्याने तोंड उघडायच्या आत तिने आपल्या लाकडी जोड्याने त्याचा पाय दाबला.

"छे, बाबा," ती म्हणाली, "यंदा पहिल्यांदाच चुकलात तुम्ही. इथे ओलं आहे अजून. सफरचंदं उतरेपर्यंत काही वाळायचं नाही हे."