तोंडी ताळा

संघमित्राने फोन स्पीकरवर टाकला आणि हेडर फाइल उघडली. नवजात बाळांना श्वास देणाऱ्या यंत्राची दाब, अलार्म अशी ही नोंदयादी दोन ठिकाणी होती. कर्नलमधली, म्हणजे यंत्राच्या मूळ प्रणालीतली, प्रत पवईच्या ऑफिसात संघमित्रा सांभाळायची आणि तिच्याशी बोलणाऱ्या सी भाषेतल्या लायब्ररीतली मुलुंडच्या घरून नंदकिशोर सर. दोन्हींचा क्रम एकच हवा, नाहीतर दाबाच्या जागी भलताच आकडा वाचला जाई. प्रोग्रॅमने प्रती जुळवल्या तरी नवी आवृत्ती पाठवण्याआधी सरांनी आपली प्रत मोठ्याने वाचायची आणि तिने आपल्या प्रतीवर बोट ठेवून हो म्हणायचं, हा सरांचाच अकरा वर्षांचा नियम. "दाब," सरांनी सुरुवात केली. सवयीने हो म्हणता म्हणता ती थांबली. तिचं बोट 'अलार्म' या ओळीवर होतं. जूनमध्ये तिनेच दोन्हीकडे अलार्म पहिल्या ओळीवर नेला होता, त्यानंतर दोन आवृत्त्या गेल्याही होत्या, आणि प्रती जुळल्याची हिरवी खूण आत्ताच आली होती. म्हणजे सरांची फाइल बरोबर होती. ते ती वाचत नव्हते, पाठ म्हणत होते. "सर, पहिली ओळ परत वाचता?" सर म्हणाले, "दिसत नाही गं. मधोमध काळा डाग आलाय, मे महिन्यापासून." "मग सांगायचं ना, सर. लहान बाळांचं मशीन आहे हे." "चुकलंच माझं. पण मागच्या दोन्ही वेळी मी आधी 'दाब'च म्हटलं होतं. तू हो म्हणालीस."