नर दाखवायचा दिवस

याना बसली.

नर जवळ येताच पाय दुमडून, मान पुढे करून ती ओल्या गवतावर मुकाट्याने बसली, आणि दगडी कुंपणाशी उभी असलेली नेमेसिया बघत राहिली. गाभण अल्पाका नराला जवळ येऊ देत नाही. कान मागे टाकते, त्याच्या तोंडावर थुंकते, पळून जाते. बसते ती रिकामी.

सकाळपासून अकरा जणी थुंकल्या होत्या. नराचं तोंड हिरवंगार झालं होतं. एवढा अपमान माझ्या नवऱ्याचा झाला असता तर तो डोंगर ओलांडून निघून गेला असता, असं सासूबाई, सातुर्निना, म्हणाल्या होत्या आणि सासरे इलारियोसुद्धा हसले होते. आता कोणी हसलं नाही.

इलारियोंनी नराला मागे ओढून बांधलं आणि यानाच्या गळ्यात दोर घातला. आख्ख्या कळपात काळ्या लोकरीची ही एकच. पण दोन वर्षं ती भाकड गेली होती. यंदाही राहिली नाही तर तिचं मांस सुकवायचं, हे घरात ठरलेलं होतं. पंधरवड्यापूर्वी ती थुंकली, म्हणून गाभण समजून तिच्या कानात लाल गोंडा ओवला होता. इलारियोंनी तो तोडून टाकला.

“खोटं थुंकली,” ते म्हणाले. “आणि मी खुळा, पंधरा दिवस चारत बसलो.”

नेमेसियाने मान खाली घातली. येत्या रविवारी तिचे वडील यायचे होते. इथे आधी दोघं एका घरात राहून संसार करून बघतात. मूल झालं की मग चर्चमध्ये लग्न. तीन वर्षांत झालं नाही, तर मुलीचा बाप येतो आणि तिला घेऊन जातो. भांडण नाही, तंटा नाही. सासरची माणसं वाटेसाठी गोठवून सुकवलेले बटाटे बांधून देतात. नेमेसियाची तीन वर्षं या महिन्यात भरत होती. तिचा जोडीदार वीलबेर लोकर विकायला शहरात गेला होता, आणि जाताना तिच्याकडे नीट बघितलंही नव्हतं त्याने.

रोज पहाटे ती अंगणाच्या कोपऱ्यात दगडाखाली कोकाची तीन पानं ठेवून धरणीमातेला हात जोडायची. मूल दे, असं तिने कधी मागितलं नाही. आलेलं राहू दे, एवढंच मागायची. कारण दोनदा आलं होतं. पहिल्या वर्षी पाळी चुकून दोन आठवडे वर गेले आणि गारा पडल्या त्या दिवशी सगळं संपलं. दुसऱ्यांदा दोन महिने राहिलं. तिने कुणाला सांगितलं नव्हतं. गेलेलं सांगून काय होणार? रिकामी ती रिकामीच.

इलारियो यानाला ओढू लागले. ती उठेना.

“ताताय,” नेमेसिया सासऱ्यांना म्हणाली, “ती खोटं नाही थुंकली. तेव्हा होतं. मग गेलं.”

सासरे थांबले. त्यांच्यापुढे ती इतकं कधी बोलली नव्हती. मग बोलतच राहिली. गेल्या वर्षी गावात जनावरांची डॉक्टरीणबाई आली होती, तिने बायकांना बसवून सांगितलं होतं. बीज जुळतं ते वर, नळीत. तिथून एकाचे दोन, दोनाचे चार होत ते आठवडाभर खाली उतरत असतं, किन्वाच्या दाण्याहूनही लहान. पण गर्भपिशवीत पोचलं म्हणजे झालं असं नाही. कुठल्याही बाजूने आलं तरी अल्पाकाचं पिल्लू वाढतं ते पिशवीच्या डाव्या बाजूलाच. त्याला चाचपडत तिथवर जावं लागतं, आणि मी आलोय हे वेळेत आईच्या अंगाला कळवावं लागतं. नाही कळलं, तर अंग समजतं की कुणी आलंच नाही. मग ते विरघळून जातं. रक्त नाही, काही नाही. दहातली चार अशीच पहिल्या महिन्यात जातात, आणि मालक म्हणतो, जनावर लबाड आहे.

“तिचा काय दोष?” नेमेसिया म्हणाली आणि रडू लागली.

सातुर्निना इतका वेळ नुसत्या ऐकत होत्या. त्या जवळ आल्या, सुनेची हनुवटी धरून चेहरा वर केला.

“एवढं रडतेस ते अल्पाकासाठी नाही, पोरी,” त्या हळूच म्हणाल्या. “किती?”

नेमेसियाने दोन बोटं दाखवली.

“वीलबेरला माहीत आहे?”

तिने मान हलवली. नाही.

सातुर्निनांनी तिला शालीत घेतलं आणि तिच्या खांद्यावरून नवऱ्याकडे पाहिलं. “इलारियो, वीलबेरच्या आधी माझे तीन गेले,” त्या म्हणाल्या. “तुला कळू दिलं नाही मी. तुझ्या आईने मला दुसऱ्या दिवशी माहेरी धाडलं असतं.”

इलारियोंनी वाकून यानाच्या गळ्यातला दोर सोडला. ती उठली, अंग झाडलं आणि कळपात शिरली. तिला पुन्हा नर दाखवू, ते म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले की रविवारी नेमेसियाचे वडील येतील, त्यांना पोटभर जेवू घालायचं आणि जेवून सगळ्यांनी मिळून पाद्रींकडे लग्नाची तारीख काढायला जायचं.

दोर हातावर गुंडाळत ते घराकडे वळले. चार पावलं गेले आणि पाठमोरेच थांबले.

“तीन नाही, सातुर्निना, चार,” ते म्हणाले. “बटाटे काढताना गेलं, ते तू मोजलं नाहीस.”